उरलेल्या जठराचा हिशेब

जठराचा रोगग्रस्त भाग काढल्यावर अन्नमार्ग पुन्हा जोडावा लागतो. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. त्यांनी उरलेले जठर लहान आतड्याच्या आरंभभागाशी जोडले. पुढे सेझार रू यांच्या नावाने रूढ झालेल्या, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या जोडणीत पित्त जठरात उलटण्याचा त्रास कमी होतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन आपल्या घोडबंदर परिसरात परतणाऱ्या रुग्णाचा खरा हिशेब मात्र घरी सुरू होतो.

जोडणी कोणतीही असो, साठवण घटते. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरला की घाम, धडधड, चक्कर येते. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे. पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण मंदावते आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असू शकते. तेव्हा त्याची व लोहाची तपासणी चुकवू नये.

एकासणे साधत नाही, ही खंत अशा वडीलधाऱ्यांना फार सलते. परंतु भुकेहून कमी खाणे, म्हणजे ऊनोदरी, हेही आपल्याकडे तपच मानले आहे. चौविहार पाळायचा असल्यास सूर्यास्तापूर्वीच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याने आखाव्यात. पेढीवर त्यांना खाण्यापुरती उसंत द्यावी आणि पंगतीत बासुंदीचा आग्रह कटाक्षाने टाळावा.