बंगल्याला चित्र चालतं, घरकुलाला पुरावा लागतो

पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर जरा डोकं वर करून बघा. भल्यामोठ्या फलकावर बंगला उभा आहे. संगमरवरी पायऱ्या, निळाशार तरणतलाव, काचेत मावळतीचं ऊन. फोटोच वाटतो. पण तो फोटो नाही. तिथं अजून पायाही खणलेला नसतो.

हे चित्र होतं कसं ते समजून घ्या. नकाशावरून संगणकात बंगल्याचा त्रिमितीय साचा उभा करतात. भिंतीला दगडाचं, खिडकीला काचेचं रूप चढवतात. मग यंत्र हिशेब करतं : उजेड कुठं आदळेल, कुठून परतेल, पाण्यात किती उतरेल. या हिशेबाचं समीकरण जेम्स काजिया या शास्त्रज्ञानं १९८६ साली मांडलं. विज्ञान थोर आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते चित्रात कोण असतं आणि कोण नसतं, यावरून.

गाडी असते, कुत्रं असतं, गोरीपान बाई असते. भांडीवाली नसते. वॉचमन नसतो. गटारात उतरणारा नसतो. शेजारी झोपडपट्टी असली तर तिच्या जागी झाडं लावायची. एका बटणात वस्ती साफ! गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, पण ठेवलं तरी. ह्यांनी चित्रातूनच काढलं.

आता माझ्या अनसिंगला चला. वाशिम जिल्हा, पुसदच्या वाटेवरचं गाव. इथं प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल म्हणजे कमीत कमी २५ चौरस मीटर, २६९ चौरस फूट. केंद्राच्या योजनेत सपाट भागाला अनुदान १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. आणि टप्प्याटप्प्याला फोटो! जागेचा फोटो, पायाचा फोटो, छताचा फोटो, मोबाइलवर अक्षांश-रेखांशासकट. फोटो चढला नाही की हप्ता अडला. भिंत छातीइतकी येते आणि पावसात भिजत राहते. म्हातारी विचारते, "भित दिसून राह्यली ना बाप्पा, मंग पैसे काहून नाही देत?"

तिच्या प्रश्नातच सगळं आलं. कोटींच्या बंगल्याला कल्पनेचं चित्र चालतं. नोंदणी झाली की त्यावर आगाऊ रक्कम घेता येते. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'कल्पनाचित्र' लिहिलं की झालं. धनदांडग्याचं स्वप्न विश्वासाचं आणि आपली उभी भिंत संशयाची. ही जातच आहे, यंत्रात शिरलेली.

कुणी म्हणेल, तुम्हाला चांगल्या घराचाच राग. मुळीच नाही. बाबासाहेबांनी परळच्या चाळीतून निघून दादरला राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. चांगलं घर आपल्यालाही पाहिजे. आपल्यातला कुणी उद्या फलक बघून पैसे भरणार असेल, तर त्यानं २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ वाचून ठेवावं. जाहिरातीतल्या किंवा नमुना-घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मिळते. बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत. मग आपली मागणी सरळ आहे : घरकुलाचा हप्ता लांबला, तर त्या म्हातारीच्या हातातही व्याज पडलं पाहिजे. फसवणुकीची भरपाई फ्लॅटवाल्याला, तर दिरंगाईची भरपाई घरकुलवाल्याला का नको?

पोट्टेहो, तुमच्यातले काही जण हीच चित्रं करायला रात्ररात्र जागतात. कसब तुमचं, बंगला त्यांचा. पोटासाठी करा, लाज नाही. पण तेच कसब चार रात्री वस्तीला द्या. आपल्या वस्तीचं चित्र काढा : गटार कुठून जाईल, नळ कुठं येईल, अभ्यासिका कुठं होईल, कोणाच्या घरात किती उजेड पडेल. ते चित्र ग्रामसभेत भिंतीवर लावा. हे कधी बांधता, म्हणून विचारा आणि तारीख लिहून घ्या.

आणि हो, त्या चित्रात माणसं घालायला विसरू नका. आपली माणसं.

जय भीम!