जुना कार्ब्युरेटर, नवें एंजिन

कल्याणच्या एका वाचकांनीं आम्हांस एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या आवारांत वडिलांच्या वेळची एक लहान विलिस मालमोटार उभी आहे. तिचें मूळ एंजिन फुटलें, म्हणून मिस्त्रीनें एका भंगार जीपचें एंजिन आणून तींत बसविलें. आतां जुन्या एंजिनावरचा कार्ब्युरेटर या नव्यावर चढवावा कीं दुसरा घ्यावा? दोन्ही एंजिनें मापानें सारखींच आहेत, तेव्हां जुनाच चालेल, असें मिस्त्रीचें मत. असल्या गाड्या जपणारीं घरें आमच्या ठाणें जिल्ह्यांत अजून थोडींबहुत आहेत, म्हणून उत्तर खासगी पत्रानें न देतां या सदरांत देत आहों.

या गाड्या इकडे आल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या पाठोपाठ. कल्याणजवळ त्या वेळीं मोठी लष्करी छावणी होती. तिच्याच जागेवर पुढें १९४९ सालीं उल्हासनगर वसलें. युद्ध संपल्यावर लष्कराचीं वाहनें विक्रीस निघालीं, आणि महिंद्र कंपनीनेंहि मुंबईत जीपगाड्या जोडावयास आरंभ केला. त्यामुळें विलिस जातीचीं दोन एंजिनें येथील मिस्त्रींच्या हाताखालून गेलीं. पहिलें युद्धकाळांतील ‘गो-डेव्हिल’. दुसरें त्यानंतरचें ‘हरिकेन’. दोहोंत नळकांड्याचा व्यास ३ १/८ इंच, दट्ट्याची धांव ४ ३/८ इंच, आणि एकूण पोकळी सुमारें २२०० घनसेंटिमीटर. एवढ्यापुरतें मिस्त्रीचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

परंतु पहिल्यांत हवा आंत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या अशा दोन्ही झडपा खालच्या ठोकळ्यांत बाजूस आहेत, तर दुसऱ्यांत हवेची झडप वर डोक्यांत नेऊन मोठी केली आहे. त्यायोगें श्वास मोकळा झाला, दाबहि थोडा वाढविला, आणि ६० अश्वशक्तीच्या ठिकाणीं ७२ मिळूं लागल्या. त्याच कारणानें कार्ब्युरेटरहि वर डोक्यावर जाऊन बसला, व १९५३ सालच्या सीजे-३बी जीपचें बॉनेट उंच करावें लागलें. आपल्याकडे पुष्कळ वर्षें बनलेल्या महिंद्र जीपचें तें उंच कपाळ ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्याचें कारण बहुधा ठाऊक नसावें!

कार्ब्युरेटर हें भांडें एंजिनाच्या पोटाच्या मापावर ठरत नाहीं, श्वासाच्या वेगावर ठरतें. २२०० घनसेंटिमीटरचें एंजिन मिनिटास ३००० फेरे घेऊं लागलें, म्हणजे पूर्ण उघड्या झडपेवर सुमारें अडीच हजार लिटर हवा दर मिनिटास ओढतें. ती सर्व कार्ब्युरेटरच्या अरुंद घशांतून जाते. घसा अरुंद म्हणून तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो, आणि त्या ओढीनें वाटींतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रांतून उसळून हवेंत मिसळतें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पावणेपंधरा भाग हवा, हें प्रमाण राहिलें पाहिजे. घसा लहान पडला तर गाडी हळू चालतांना झकास वाटते, पण भरधांव धांवतांना गुदमरते. मोठा पडला तर ओढ मंद होऊन ॲक्सिलरेटर दाबतांच एंजिन अडखळतें.

गो-डेव्हिलवर कार्टर कंपनीचा ‘डब्ल्यू-ओ’ जातीचा कार्ब्युरेटर असे. हरिकेनवर त्याच कंपनीचा ‘वाय-एफ’. जुना डब्ल्यू-ओ हरिकेनवर बसविल्यास एंजिन चालेल, रिकामी गाडी टिटवाळ्यापर्यंत जाऊनहि येईल, आणि मिस्त्री जिंकल्यासारखा हंसेल. परंतु त्याच्या घशाचें माप आणि जेटमधील निमुळती कांडी या दोन्ही गोष्टी दुसऱ्या श्वासासाठीं घडविलेल्या आहेत. माल भरून चढ चढूं लागलें कीं तो फरक दिसूं लागतो. म्हणून आमचा स्पष्ट अभिप्राय असा कीं, जुना कार्ब्युरेटर पुसून कपाटांत ठेवावा, आणि हरिकेनसाठींच असलेला वाय-एफ, अथवा आपल्याकडील जीपांवर पुढें सर्रास बसूं लागलेला सोलेक्स घ्यावा. सोलेक्समध्यें एक मोठी सोय आहे. त्याच्या जेटवरील आंकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो; १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० चा काढून १२५ चा घातला, तर छिद्राचें क्षेत्र सुमारें साडेआठ टक्क्यांनीं वाढतें. दिसावयास फरक नगण्य, परिणाम मात्र मोठा. ज्या घरांत वातीशिवायचा स्टोव्ह वापरला आहे, त्या घरच्या भगिनींस छिद्राचें महत्त्व सांगावयास नको. मात्र स्टोव्हची पिन जेटमध्यें कदापि घालूं नये, पितळ मऊ असतें व भोंक बिघडतें. फुंकून साफ करावें.

भोंकें जुळत नसतील तर मध्यें ॲल्युमिनियमची जाड पट्टी लेथवर करून घ्यावी लागते. तिच्या आंतील कडेस पायरी राहूं देऊं नये, आणि पॅकिंग आंत डोकावूं देऊं नये. सांध्यांतून हवा शिरत असेल तर एंजिन संथ गतीवर थरथरतें. सांध्याभोंवतीं तेलाचे दोन थेंब सोडून थरथर थांबते कीं काय तें पाहावें. पेट्रोलची वाटी शक्यतों गाडीच्या पुढच्या बाजूस यावी. मागें आली तर चढावर नेमकें गरजेच्या वेळीं जेटाकडील पेट्रोल खालावतें.

एका गोष्टींत मात्र आम्ही कोणाचाहि ‘चालेल’ हा शब्द ऐकून घेणार नाहीं. ती म्हणजे ॲक्सिलरेटरची दांडी. कार्ब्युरेटर बदलला म्हणजे तिची लांबी व कोन बदलतो, आणि मिस्त्री ती वांकवून जुळवितात. पाय उचलतांच स्प्रिंगनें ती पूर्ण मिटली पाहिजे. बॉनेट लावून आणि एंजिन तापल्यावरहि मिटली पाहिजे. मुंब्र्याच्या वळणावर भरलेल्या गाडीची दांडी उघडी अडकली, तर घरचीं माणसें गमावण्याचा प्रसंग आहे. त्याचप्रमाणें वाटी भरून वाहत असेल तर धुराच्या तापलेल्या नळावर पेट्रोल ठिबकून आग लागते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढूंच नये.

दहापंधरा मैल भार घेऊन चालवून प्लग काढून पाहावेत. टोंक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काजळी असेल तर पेट्रोल अधिक, आणि तें नळकांड्यांच्या भिंतींवरील तेल धुवून काढतें. पांढरें फटफटीत असेल तर पेट्रोल कमी, आणि झडपा जळतात. यांत आजकाल एक नवी भर पडली आहे. २०२३ पासून पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळून विकावयास सुरुवात झाली. इथेनॉलास जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण सुमारें आठ टक्क्यांनीं पातळ पडतें. वर सांगितलेला १२० वरून १२५ चा फरक साधारण तेवढाच आहे. शिवाय जुनीं रबरी वायसरें व पडदे त्यानें फुगतात, आणि टाकींतील वर्षांचा गाळ सुटून जेटांत येतो. नवे पडदे आणि चांगली गाळणी यांवरील खर्च वांचवूं नये.

कसाऱ्याहून इगतपुरीस चढतांना हवा किंचित् विरळ होते खरी, परंतु सुमारें दोन हजार फुटांच्या उंचीसाठीं जेट बदलण्याची दगदग करूं नये. तेथें खरा त्रास उष्णतेचा. वैशाखांत पेट्रोल नळींतच उकळून वाफ धरते व एंजिन बंद पडतें. पेट्रोल-पंपावर ओलें फडकें गुंडाळण्याची ड्रायव्हर लोकांची युक्ति अगदीं बरोबर आहे. तिच्या जोडीस कार्ब्युरेटरखालीं बॅकेलाइटची जाड चकती घालावी.

राहतां राहिलें सरकारी काम. एंजिन बदललें म्हणजे त्याचा नंबर नोंदणी-पुस्तकांतील नंबराशीं जुळत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाकडे दुर्लक्ष न करितां, गाडी एमएच-०४ ची असल्यास ठाण्याच्या व एमएच-०५ ची असल्यास कल्याणच्या परिवहन कार्यालयांत जाऊन आमच्या वाचकांनीं बदलाची नोंद करून घ्यावी, आणि एंजिन कोठून आणलें त्याची पावती सोबत न्यावी.