विश्लेषण : प्रवेश ‘विकत’ घेणारा पालक पीडित की भागीदार?

‘नीट’चा निकाल लागला की वसई-विरारमधील बारावीच्या पालकांच्या मोबाइलवर ‘मॅनेजमेंट कोटा’, ‘थेट प्रवेश’, ‘कमी गुणांतही एमबीबीएस’ असे संदेश येऊ लागतात. त्यातले काही साधी जाहिरात असतात, काही निव्वळ फसवणूक, तर काही लाचेचे उघड आमंत्रण. देणगी मागणारे संस्थाचालक आणि मधले दलाल यांच्याविषयी आजवर भरपूर बोलले गेले. रोकड घेऊन त्यांच्या दारात जाणारा पालक मात्र चर्चेतून सुटतो. तो खरोखर नाइलाज झालेला असतो की व्यवहारातला बरोबरीचा भागीदार?

महाराष्ट्रात देणगीची प्रथा कशी रुजली?

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे शिक्षणासाठी कर्नाटकात जाणारे विद्यार्थी राज्यात थांबले, हे खरे. पण त्याबरोबर ‘देणगी’ हा शब्दही घरोघरी पोहोचला. तिला आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायदा केला. त्यात किमान एक आणि कमाल तीन वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी जैन (१९९२) आणि उन्नीकृष्णन (१९९३) खटल्यांत कॅपिटेशन शुल्क बेकायदा ठरवले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात (२००५) खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य झाली, पण प्रवेश गुणवत्तेने व पारदर्शकपणे व्हावेत, ही अट कायम राहिली. त्याच निकालाने अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा दिली.

‘नीट’नंतर पैशाची वाट बंद झाली का?

पूर्वी राज्यातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना स्वतःची ‘असो-सीईटी’ घेत असे. २०१६ पासून ‘नीट’ सर्वांना बंधनकारक झाली आणि पात्रतेची एक रेषा आखली गेली. मात्र ही रेषा फार खाली आहे. २०२४ मध्ये सुधारित निकालानुसार खुल्या प्रवर्गातील पात्रता गुण ७२० पैकी १६२ होते. देशभरात सुमारे १३ लाख विद्यार्थी पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण एक लाख दहा हजार. सरकारी जागा वरच्या गुणांवर संपतात. त्याखाली लाखो ‘पात्र’ विद्यार्थी उरतात आणि त्यांच्यातून खासगी महाविद्यालयात कोण जाणार, हे बहुतांशी ज्याची त्याची ऐपत ठरवते. ६०० गुणांचा विद्यार्थी शुल्क पाहून मागे फिरतो, ३०० गुणांचा पुढे जातो, आणि यात नियमभंग कुठेच होत नाही. २०२३ मध्ये तर पदव्युत्तर ‘नीट’ची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली.

अनिवासी कोट्याचेही तेच. पंजाब सरकारने या कोट्यात दूरच्या नातेवाइकांचा समावेश केला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला फसवणूक म्हटले. वैध वाट इतकी रुंद असताना तिच्या कडेने चोरवाट पडायला वेळ लागत नाही.

कायदा पालकाकडे कसा पाहतो?

१९८७ च्या कायद्याचा रोख पैसे घेणाऱ्यावर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात मात्र २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. हा कायदा लोकसेवकांपुरता आहे. पण बडोद्याजवळील एका अभिमत विद्यापीठाच्या विश्वस्तावर वैद्यकीय विद्यार्थिनीच्या पालकाकडे २० लाख रुपये मागितल्याचा आरोप होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये अभिमत विद्यापीठेही या कायद्याच्या कक्षेत आणली.

म्हणजे शस्त्र आहे, पण ते क्वचितच बाहेर निघते. पोलीस ठाण्यात येणाऱ्या तक्रारी पाहिल्या तर कारण कळते. पैसे देऊनही प्रवेश मिळाला नाही की पालक ‘फसवणूक झाली’ म्हणून फिर्याद देतो. प्रवेश मिळाला तर दोन्ही बाजू गप्प बसतात. यशस्वी गुन्ह्याला फिर्यादीच नसतो आणि फसलेल्या गुन्ह्यात पैसे देणारा पीडित ठरतो.

पालकाला किंमत मोजावी लागल्याची उदाहरणे आहेत?

महाराष्ट्रात एक ठळक उदाहरण आहे, तेही लाचेचे नव्हे तर सत्तेच्या प्रभावाचे. मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात सुरुवातीच्या ५० आरोपींपैकी ३३ पालक होते. दलाल रिक सिंगर याला साडेतीन वर्षांची शिक्षा झालीच. पण १५ हजार डॉलर मोजणारी अभिनेत्री फेलिसिटी हफमन हिलाही १४ दिवसांची कैद सुनावली गेली. तिथेही प्रश्न पूर्ण सुटला नाही. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोन पालकांची लाचखोरीशी संबंधित दोषसिद्धी रद्द केली. पैसा विद्यापीठाच्याच खात्यात गेला असेल तर त्याला लाच म्हणायचे का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आपल्याकडील ‘इमारत निधी’लाही हाच प्रश्न लागू आहे.

उलट मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरणात फेब्रुवारी २०१७ मध्ये ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच राहिले. काही जण तोवर डॉक्टर झाले होते. विद्यार्थ्यांची वर्षे गेली. घराघरांत व्यवहार ठरवणारे मोठे कितपत जबाबदार धरले गेले, हा प्रश्न उरलाच.

वसई-विरारमध्ये याचा फटका कोणाला?

वसई-विरारमध्ये कला, वाणिज्य, विज्ञान व अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. तरी पार्ले, अंधेरी, चर्चगेटच्या नामांकित महाविद्यालयांसाठी रोज पहाटे विरार लोकल पकडणारी मुले कमी नाहीत. अकरावीतही व्यवस्थापनाचा ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांचा ५० टक्के कोटा वगळून उरलेल्या जागांवर त्यांना लढावे लागते. इथला बहुसंख्य पालक नोकरदार आहे. घराचा हप्ता चालू असताना तो क्लासचे शुल्क भरतो. देणगीच्या बाजारात श्रीमंतासाठी जागा असते. या पालकासाठी असतो दलाल, जो त्याचा भविष्य निर्वाह निधी आणि आईचे दागिने घेऊन नाहीसा होतो. जव्हार-मोखाड्याचा पालक तर या बाजारापर्यंत पोहोचतही नाही.

‘व्यवस्थाच अशी आहे, मी एकटा काय करणार’ हे समर्थन म्हणूनच टिकत नाही. विकल्या गेलेल्या प्रत्येक जागेमागे रांगेतले एक मूल मागे ढकलले जाते, आणि ते बहुधा शेजारच्याच इमारतीतले असते.

काय करता येईल?

कॅपिटेशनविरोधी कायद्यात देणाऱ्यालाही स्पष्टपणे आरोपी करावे. मात्र मागणी होताच तक्रार करणाऱ्याला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासारखे संरक्षण द्यावे. असे केले तर कोणी तक्रारच करणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण आजही प्रवेश मिळालेला पालक तक्रार करत नाही. मुदतीची अट घातली तर निदान कुंपणावरचा पालक बोलेल. दुसरे, संस्थात्मक व अनिवासी कोट्यातील प्रत्येक प्रवेशाचा ‘नीट’ क्रमांक आणि भरलेले शुल्क संकेतस्थळावर जाहीर व्हावे. तिसरे, प्रवेश रद्द करताना पैसे देणाऱ्या प्रौढावरही कारवाई झाली पाहिजे. मुलाने न केलेल्या व्यवहाराची शिक्षा एकट्या मुलाने भोगायची, ही आजची रीत कोणत्याही अर्थाने न्याय्य नाही.