उसने दूध, तपासलेले दूध
अपुऱ्या दिवसांचे बाळ, आईला पान्हा नाही. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण मायेने दूध देऊ करते. माया खरी, पण तिला स्वतःलाही ठाऊक नसलेला एचआयव्हीचा संसर्ग त्या दुधातून बाळाला होऊ शकतो. दुग्धपेढीत दात्या मातेचे रक्त तपासतात, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून गोठवतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली अशी पेढी सुरू झाली. मात्र जवळ पेढीच नसेल, तर ‘उसने दूध नको’ हा सल्ला बाळाला वरच्या दुधावर ढकलतो, आणि अशा नाजूक बाळांत आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका वाढतो. नवजात अतिदक्षता कक्ष मंजूर करतानाच पेढीचा, निदान तिथून दूध आणण्याचा, खर्च धरायला हवा.