समुपदेशन म्हणजे 'टेन्शन घेऊ नका' नव्हे! कोणती पद्धत कुणासाठी? समजून घ्या

पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा भाव पडला, बोंडअळीने कपाशी खाल्ली, वर कर्जाचा तगादा. भोकरदनच्या शेतकऱ्याची झोप उडायला एवढे पुरे. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्याने आणलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात जालनाही आहे. आशाताई घरोघरी ताणाची लक्षणे शोधतात, मग समुपदेशन होते. पण कोणत्या पद्धतीने?

मुख्य पद्धती कोणत्या?

• सीबीटी : 'माझ्याने काहीच होणार नाही' हा विचार खरा आहे का, हे तपासायला शिकवते. अमेरिकेचे ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडली.
• कृतीपासून सुरुवात : मन लागत नसले तरी रोजची छोटी कामे ठरवून करायची. हातपाय हलले की मनही सावरू लागते.
• प्रश्न सोडवणे : अडचणींची यादी करून एकेकीवर मार्ग काढायचा.
• कुटुंबासह उपचार : दारू, भांडणे, अबोला असेल तर घरच्यांनाही सोबत बसवायचे.
• मनोविश्लेषण : जुन्या जखमांचा शोध. वेळ बराच लागतो.

पुरावा काय सांगतो?

गोव्यात 'संगथ' संस्थेने नैराश्याच्या रुग्णांवर कृतीवर भर देणारी पद्धत वापरली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. भेटी फक्त ६ ते ८. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

मग भोकरदनला काय हवे?

इथले कर्ज खरे आहे. विचार बदलून ते फिटत नाही. म्हणून आमच्या मते कृती आणि प्रश्न सोडवणे या पद्धतींना पहिला मान हवा. पीकविम्याचा अर्ज, बँकेशी बोलणी यात सोबत करणे हाही उपचाराचाच भाग आहे. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाचे वेगळेपण नेमके इथे आहे. आजार तीव्र असेल तर मात्र डॉक्टर आणि औषधांना पर्याय नाही.

सहा भेटींसाठी सहा वेळा जालना गाठायचे म्हणजे सहा दिवसांची मजुरी बुडणार. त्यामुळे भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयातच ठरलेल्या वारी, दर वेळी तोच समुपदेशक भेटला पाहिजे. माणूस बदलला की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि ती दुसऱ्यांदा सांगायला फार थोडे येतात.

(मन खचले असेल तर 'टेलि मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास बोलता येते.)