अंगणातून घडलेला अभ्यासक्रम

१/ नवा अभ्यासक्रम आला, की बालवाडीच्या शिक्षिकेला तयार पाठ-आराखडे आणि साहित्याची पेटी दिली म्हणजे काम संपले, असा समज रूढ आहे. महाराष्ट्राचा इतिहास या समजाला छेद देतो. त्यासाठी १९४५ सालच्या बोर्डीकडे वळावे लागते. #थ्रेड

२/ ताराबाई मोडक १९२३ पासून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरी पद्धती हा त्या काळचा 'नवा अभ्यासक्रम' होता. मात्र तिची साधने महाग होती. ती खेड्यातील शाळेला परवडणारी नव्हती.

३/ बोर्डीत ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. तेथे पद्धतीचे तत्त्व राखून साधने बदलण्यात आली. मुलाने लहान-मोठे ओळखावे, क्रम लावावा, स्पर्शातला भेद जाणावा, हे उद्दिष्ट तेच राहिले. ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. साधन स्वस्त झाले, उद्दिष्ट उणावले नाही. अध्यापन-घटक घडवणे म्हणतात ते हेच.

४/ पुढची अडचण साधनांची नव्हती, जागेची होती. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.

५/ १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथील मुले गुरे राखत, धाकटी भावंडे सांभाळत. मग गुरांमागे कुरणात जाणारी 'कुरणशाळा' निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी 'विकासवाडी'ही उभी राहिली. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहिले गेले, वेळापत्रक नंतर आखले गेले.

६/ आज ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आहे. २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रफलक, गोष्टींची कार्डे आहेत. खेळातून शिक्षण हे त्याचे सूत्र बोर्डीच्या वारशाशी जुळणारे आहे. प्रश्न पेटी उघडल्यानंतरचा आहे.

७/ समान आराखडा नसेल तर दर्जा शिक्षिकेगणिक बदलेल, हा आक्षेप रास्त आहे. पण बोर्डीनेही आराखडा टाकून दिला नव्हता. काय शिकवायचे हे समान असावे. कशाच्या आधारे, कुठे आणि कोणत्या वेळी, हे मुलांना रोज पाहणाऱ्या ताईने ठरवावे.

८/ मात्र त्यासाठी तिला नियोजनाचा वेळ आणि बदल करण्याचा अधिकार हवा. नोंदवह्या भरण्यातच दिवस सरत असेल, तर उत्तमातला उत्तम पिटाराही कपाटातच राहील. बोर्डी-कोसबाडची थोरवी केवळ त्यागात शोधणे अपुरे आहे. तेथील शिक्षिका अभ्यासक्रम राबवणाऱ्या तर होत्याच, त्या तो घडवणाऱ्याही होत्या. आजच्या ताईला तोच दर्जा देणे, हा त्या इतिहासाचा खरा सन्मान ठरेल.