धावत्या गोष्टीला पुरावा कोण मागतो?

डॅन ब्राऊनची 'द दा विंची कोड' 2003 मध्ये इंग्रजीत आली. अजित ठाकूर यांच्या अनुवादातून मेहता पब्लिशिंग हाऊसने ती मराठीत आणली, आणि इतकी वर्षे उलटली तरी तिच्याबद्दल मराठी वाचकांचे एकमत होत नाही. कुणी ती एका बैठकीत संपवली आणि वर 'इतिहास किती कळला!' म्हणून खूश झाला. कुणाला ती खोट्या माहितीचे गाठोडे वाटली. कुणी भाषा बेतास बात, पात्रे पुठ्ठ्याची म्हणून बाजूला ठेवली, तर कुणाला तिच्यात येशू आणि मारिया माग्दालेना यांच्याविषयीचा उर्मटपणा खटकला. वरवर पाहता हे चार निरनिराळ्या तक्रारींचे आणि कौतुकांचे विषय आहेत. एकाला वेग आवडला, दुसऱ्याला माहिती खोटी वाटली, आणि प्रत्येकाची आवड वेगळी असे म्हणून चर्चा मिटवता येते. मला ती तशी मिटवणे चुकीचे वाटते. वेगावर भाळलेला वाचक आणि माहितीवर चिडलेला वाचक एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. या जातीच्या कादंबरीत वेग हा केवळ करमणुकीचा भाग नसतो. पुराव्याची जागा तोच घेतो.

ही किमया कशी साधते ते पाहण्यासारखे आहे. कादंबरीत शंभराहून अधिक प्रकरणे आहेत, त्यातली कित्येक दोन-तीन पानांत संपतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी दार वाजते, दिवा जातो किंवा कुणीतरी पिस्तूल रोखते. मुख्य कथा साधारण एका दिवस-रात्रीत घडते. या पळापळीच्या मध्यावर लेखक नायक-नायिकेला सर ली टीबिंग नावाच्या विद्वानाच्या घरी नेऊन बसवतो आणि ख्रिस्ती धर्माच्या उगमाविषयीचे सगळे खळबळजनक दावे त्याच्या तोंडून वदवून घेतो. पोलीस मागावर आहेत, एक मारेकरी बाहेर टपला आहे. अशा वेळी 'थांबा, याला आधार काय?' असे विचारणारा वाचक विरळा. पुढे उघड होते की कारस्थानाचा सूत्रधार हा टीबिंगच. म्हणजे लेखकाने आपला साक्षीदारच खोटारडा ठरवला, पण त्याची साक्ष मात्र कधी तपासली नाही. माणूस अटकेत गेला आणि त्याने सांगितलेला इतिहास वाचकाच्या डोक्यात मोकळा फिरत राहिला. एवढ्या चतुराईला दाद द्यावी लागते, हेही कबूल.

त्या साक्षीत काय टिकते? 325 साली निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेत येशूचे देवत्व निसटत्या मतांनी ठरले, असे टीबिंग सांगतो. प्रत्यक्षात परिषदेच्या श्रद्धासूत्राला शेवटपर्यंत नकार देणारे बिशप दोनच होते, आणि बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यायची हा तिथल्या निर्णयाचा विषयच नव्हता. कादंबरीच्या सुरुवातीला 'तथ्य' म्हणून एक पान आहे. प्रायरी ऑफ सायन ही गुप्त संघटना 1099 मध्ये स्थापन झाली आणि तिची कागदपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली, असे त्यावर ठामपणे लिहिले आहे. पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसाने ही संघटना 1956 मध्ये नोंदवली; ती कागदपत्रे त्याच्याच मंडळींनी रचून 1960च्या दशकात ग्रंथालयात ठेवून दिली. तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे 1945 साली सापडलेल्या हस्तलिखितांत 'फिलिपचे शुभवर्तमान' आहे. येशू मारिया माग्दालेनाचे चुंबन घेत असे, असे त्यात आहे. पण कुठे, हे सांगणाऱ्या जागी पान फाटलेले आहे. अभ्यासकांनी ती जागा कंसात रिकामी सोडली. कादंबरीने तिथे 'ओठांवर' भरले आणि पुढचे पान उलटायला लावले.

ही रिकामी जागा सोडण्याची शिस्त काय असते, हे कळायला पॅरिसला जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख दिसतो. यज्ञांची नावे आहेत, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. लेख जागोजागी तुटला आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावे आणि खाली पायांच्या खुणा उरल्या आहेत. थरारकथेला लागणारा सगळा माल इथे तयार आहे: राणी, यज्ञ, गायब मूर्ती, अर्धवट संदेश. कर्नल साइक्सच्या नोंदीपासून प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत, आणि तिथून भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या वाचनापर्यंत या मजकुराने अर्धशतकाहून अधिक काळ खाल्ला. त्याच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत आजही वाद आहेत. नाणेघाटावर कुणी दीडशे पानांची धावपळ लिहिली तर ती मीही आवडीने वाचीन. मात्र पहिल्या पानावर 'यातील सर्व शिलालेख खरे आहेत' असे छापून आत तुटलेल्या ओळी मनाने भरल्या, तर तो लेखक कल्पनेचा हक्क सांगत नाही, शिलालेखाचा शिक्का उसना घेतो.

याच ठिकाणी शहरी समीक्षकांचा एक आवडता आक्षेप येतो: आडगावचा वाचक भाबडा, त्याला गोष्ट आणि इतिहास यांतला फरक कळत नाही, म्हणून अशी पुस्तके त्याच्यासाठी धोक्याची. मुरबाड-शहापूरकडे पाहिले तर हा आक्षेप उलटा पडतो. धसईहून देहरीला गेले की गोरखगड समोर उभा राहतो. तिथे गोरखनाथांनी साधना केली ही श्रद्धा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते आणि कुणी तिचे साल विचारत नाही, कारण सांगणाराही ग्रंथालयाचा क्रमांक पुढे करत नाही. कीर्तनात बुवा आख्यान रंगवतात तेव्हा ऐकणाऱ्याला ठाऊक असते की ही कथा आहे आणि ती कशासाठी सांगितली जाते आहे. फसगत होते ती कथा जेव्हा कागदपत्रांचा अंगरखा घालून येते तेव्हा, आणि त्या वेळी मुंबईचा पदवीधरही तितकाच फसतो. याच धसईचे नाव 2016च्या डिसेंबरात 'रोकडरहित गाव' म्हणून देशभर धावले. पुढे व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्याही बातम्या आल्या. त्यांना मात्र ते पाय नव्हते. पहिली बातमी चटकन खरी मानणाऱ्यांत गावकरी किती आणि संपादक किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

'अहो, पण ती कादंबरी आहे' हा बचाव लेखकाचे चाहते नेहमी करतात. बचाव वजनदार आहे. कादंबरीकाराला इतिहास वाकवण्याची मुभा नसेल तर ऐतिहासिक कादंबरी लिहिताच येणार नाही. पण ही मुभा वाचकाशी झालेल्या करारावर चालते आणि 'तथ्य' नावाचे पान तो करार आधीच मोडते. एकीकडे चूक दाखवली की 'ही कल्पना आहे', दुसरीकडे खप वाढवायचा तर 'हे सत्य आहे', अशी दुहेरी सोय त्या पानाने करून ठेवली. मराठीत हा प्रश्न नवा नाही. बखरींचा वेग, त्यातले संवाद, रणांगणावरची धूळ यांनी आपल्या पणजोबांचा इतिहास घडवला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरी अस्सल पत्रांच्या कसोटीला लावल्या आणि त्यांतल्या चुका एकामागून एक मोजून दाखवल्या. त्याने बखरींची गोडी संपली नाही. भाऊसाहेबांची बखर आजही वाचली जाते, फक्त ती कशी वाचायची हे आता ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. अशा पुस्तकाने श्रद्धाळूंची मने दुखावतात, मग ते रोखू नये का? 2006 च्या मे महिन्यात या कादंबरीवरचा चित्रपट भारतात आला तेव्हा मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी निदर्शने केली, आणि गोव्यासह काही राज्यांनी प्रदर्शन थांबवले. आंध्र आणि तमिळनाडूतली बंदी पुढे उच्च न्यायालयांनी उठवली. सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र देताना एक अट घातली होती: ही केवळ कल्पित कथा आहे, असे निवेदन दाखवायचे. बंदीचा मी समर्थक नाही. निवेदनाची सक्तीही सरकारने करावी असे मला वाटत नाही. पण गंमत अशी की जे वाक्य पुस्तकाने स्वतःहून छापायला हवे होते ते पडद्यावर सरकारी हुकमाने उमटले, आणि पुस्तकावर नेमके उलटे वाक्य कायम राहिले.

आणि दुखावण्याचा निकष लावला तर महाराष्ट्राचा स्वतःचा ताळेबंद फारसा सरळ निघत नाही. डॅन ब्राऊन मराठीत छापणाऱ्या त्याच प्रकाशनसंस्थेने आनंद यादव यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी काढली. तुकारामांच्या तारुण्याच्या चित्रणावरून वारकरी संतापले. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले, 2009च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले, आणि 2014 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दंडासह पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. यादवांची कादंबरी संथ होती. तिच्यात पिस्तूल नव्हते, पाठलाग नव्हता, सत्याचा शिक्का असलेले पानही नव्हते. लेखक उघडपणे आपल्या कल्पनेतून एका माणसाचे मन उभे करत होता. येशूचा वंश आजही फ्रान्समध्ये नांदतो असे सांगणारे पुस्तक मराठी वाचक चवीने वाचत होते, आणि तुकोबांच्या तरुणपणाची कल्पना करणारे नष्ट करायचे ठरत होते. दुसऱ्याचा देव असला की रहस्यकथा, आपला असला की बदनामी, हे यातले एक कारण. दुसरे कारण वेगाशी जोडलेले आहे. संथ पुस्तक वाचकाला थांबू देते, आणि थांबलेला वाचक प्रश्न विचारतो, कधी रागावतोही. धावते पुस्तक रागावायलाही सवड देत नाही. म्हणूनच कल्पनेची प्रामाणिक कबुली देणारा लेखक कोर्टात जातो आणि कल्पनेला तथ्य म्हणणारा खपाचे उच्चांक गाठतो.

उरला तो सर्वांत सच्चा बचाव: अशा पुस्तकांनी माणसे वाचायला लागतात. हे खरे आहे, आणि नाक मुरडणाऱ्यांनी ते मान्य करावे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी किती जणांना वाचनाची चटक लावली याची मोजदाद नाही. अलीकडे डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या 'प्रतिपश्चंद्र'ने शिवकाळाशी जोडलेल्या गुपिताचा आजच्या काळातला शोध रंगवला आणि एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणाऱ्या तरुणांनी ते हातावेगळे केले. त्यावरही तीच दोन मते आहेत: एकाला गड-किल्ल्यांकडे पुन्हा बघावेसे वाटले, दुसऱ्याला योगायोगांची रांग आणि इतिहासाची सरमिसळ सोसवली नाही. पहिल्या वाचकाचे कुतूहल खरे असते, आणि म्हणूनच त्याला पुढचे पुस्तक मिळायला हवे. पॅरिसच्या सें-सुल्पीस चर्चने कादंबरी वाचून येणाऱ्यांसाठी एक सूचना लावली होती: जमिनीवरची पितळी रेषा कुठल्याही मूर्तिपूजक मंदिराचा अवशेष नाही, ती खगोलशास्त्रीय मोजणीसाठी बसवली आहे. उत्तर छोटे, शांत आणि नेमक्या जागी होते. मोर्चापेक्षा त्याने जास्त काम केले असावे.

मराठी वाचकाला अशी सूचना कुठे दिसते? 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुक्या-गावच्या वाचनालयांत अनुवादित थरारकथा हमखास भेटतात. निकियाची परिषद म्हणजे काय हे मराठीत सांगणारे पुस्तक त्याच कपाटात सापडण्याची शक्यता मात्र कमी. अडचण लेखकांची नाही. वसईत 'सुवार्ता' मासिक आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवून गेले आहे, आणि मराठीतून ख्रिस्ती परंपरा समजावून सांगणारी माणसे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच पिढ्यान् पिढ्या राहतात. अनुवादाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांच्यापैकी कुणाकडून दहा पानांची टीप लिहून घेतली, ती कथेच्या शेवटी छापली आणि 'तथ्य' पानाच्या तळाशी फक्त तिचा पृष्ठक्रमांक दिला, तर प्रकाशकाला जास्तीत जास्त एक फॉर्म छपाई वाढेल. उत्कंठेला धक्का लागणार नाही. ज्याला धावायचे तो धावेल.